धुराजीचा श्वास

सोमवार, ७ एप्रिल २०२५

नोकरी नवी, गाव नवं, म्हणून वहीही नवी.

सकाळी अकोल्याहून निघाले. मोहसीनभाई स्टेशनवर सोडायला आला आणि गाडी हलेपर्यंत एकच बजावत राहिला, की गेममध्ये शेवटी काय होतं ते त्याला अजिबात सांगायचं नाही. बडनेऱ्याला उतरून ऑटो केली आणि साडेदहाला अमरावतीत साईनगरातल्या या बंगल्यासमोर उभी राहिले. फाटकावर पाटी नाही. वरच्या मजल्यावर तीन खोल्या, सहा कॉम्प्युटर, खिडकीत घरघरणारा कूलर. पण आत शिरताच समोरच्या भिंतीवर ‘राखवन’चं ते चित्र दिसलं: जळालेलं जंगल, कंदील घेऊन पुढे चालणारा धुराजी, त्याच्यामागे तलवार उपसलेली सावरी. मी दारातच थांबले. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून हे चित्र आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर आहे.

खोली दोन गल्ल्या सोडून आशाबाईंकडे घेतली. मी काय काम करणार हे त्यांना समजावताना माझी पुरेवाट झाली. म्हटलं, एक खेळ आहे. सावरी नावाची पोरगी जळून गेलेल्या राज्यातून चालते, राक्षसांशी लढते, लढता लढता तिचं बळ वाढतं. पुढे धुराजी नावाचा वाटाड्या चालतो. पहिला भाग लोकांनी खेळला, आता दुसरा यायचाय. तो सगळ्यांच्या आधी मी खेळायचा आणि त्यातलं चांगलं-वाईट लिहून द्यायचं. त्या म्हणाल्या, “अन् यालेच नोकरी म्हंतेत?”

किशोरदादा अगदी साधा माणूस निघाला. स्वतः चहा केला. त्याने आणि त्याचा कॉलेजचा दोस्त धम्मदीप तायडे याने मिळून ‘राखवन’ होस्टेलच्या खोलीत बनवला होता. धुराजीचा आवाज धम्मदीपचा. मला त्यालाच आधी भेटायचं होतं, पण तो मागच्या उन्हाळ्यात जर्मनीला गेला म्हणे. मोठी नोकरी लागली. जाताना दुसऱ्या भागासाठी सगळा आवाज देऊन गेला. मी हिरमुसले. अम्मीच्या ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर मोहसीनभाई धुराजीच्याच आवाजात मला म्हणाला होता, “भेव नको, मी आहो नं म्होरं.” तेव्हापासून घरात कुणीही घाबरलं की आम्ही तेच म्हणतो.

किशोरदादाने एक जाड फाइल दिली. डावीकडे जमेच्या बाजू, उजवीकडे उणिवा. म्हणाला, खोटं कौतुक नको, जे खटकलं ते सगळं लिही, आणि रिपोर्ट फक्त मला दे. आवाजाचं काम बघणाऱ्या सीमाताईंनी दुपारी मला आपल्या डब्यातलं खाऊ घातलं. मुगाच्या वड्यांची भाजी होती. खूप दिवसांनी असं वाटतंय की योग्य जागी आले.

गुरुवार, १० एप्रिल

तीन दिवस खेळतेय. फाइलची डावी बाजू भराभर भरतेय. तलवारीला आता वजन आलंय. वार चुकला तर सावरीचा तोल जातो, तो सावरेपर्यंत राक्षस थांबत नाही. पहिल्या भागात मी नुसती बटणं बडवून जिंकायचे, ते इथे चालत नाही. नकाशा तिप्पट मोठा. राख उडते ती वाऱ्याच्या दिशेने उडते. शत्रूंना आठवण आहे: एका दरोडेखोराला मी सोडून दिलं, तर तो दुसऱ्या दिवशी माणसं घेऊन आला.

उणिवाही आहेत. पिशवीतल्या वस्तू शोधताना जीव मेटाकुटीला येतो. भिंतीला पाठ लागली की कॅमेरा अडकतो. आणि सगळ्यात जास्त लागलं ते हे, की पहिल्या भागात आपण काय निवडलं ते दुसऱ्याला ठाऊकच नाही. मी आणि मोहसीनभाईने पाच वेळा मरून त्या नावाड्याला वाचवलं होतं. इथे कुणी त्याचं नावही काढत नाही. मी जरा रागातच लिहिलं, “ज्यांनी पहिला भाग मनापासून खेळला त्यांचा हा विश्वासघात आहे.” किशोरदादा वाचून हसला नाही. म्हणाला, बरोबर आहे तुझं.

एक गंमत. तो माझ्या मागे उभा राहून खेळ बघतो, पण हेडफोन दिला तर घेत नाही. स्वतःच्या कॉम्प्युटरवरही आवाज बंद ठेवूनच खेळ चालवतो. विचारलं तर म्हणाला, “हजारदा आयकलं मी ते.” सीमाताईंचंही तसंच. आवाजाचं काम त्यांचं, पण धुराजी बोलायला लागला की त्या कानावरून हेडफोन काढतात.

शनिवार, १२ एप्रिल

आज पहिली मोठी चूक सापडली! दुसऱ्या टप्प्यात विहिरीपाशी धुराजी सावरीला सांगतो की पाण्यात बघू नको. ते झालं की दोन क्षण थांबून तो म्हणतो, “किश्या, झालं का बे? येऊ का बाहीर?”

मी मोठ्याने हसले. रेकॉर्डिंगच्या वेळचं बोलणं चुकून राहून गेलेलं. लगेच लिहून दिलं. किशोरदादाने डोक्यावर टपली मारून शाबासकी दिली. संध्याकाळच्या व्हर्जनमध्ये ते वाक्य गेलेलंही होतं.

सीमाताईंना विचारलं की हे होतं कसं. त्या म्हणाल्या, धम्मदीपचं सगळं रेकॉर्डिंग एका प्रोग्रामला दिलं होतं. तो त्याचे तुकडे करून जागोजाग बसवतो, आणि जी वाक्यं धम्मदीप बोललाच नाही तीही त्याच्या आवाजात बनवून देतो. तीस तासांचा खेळ, कोण कुठवर ऐकणार? म्हणून तर तुला घेतलं, म्हणाल्या.

बुधवार, १६ एप्रिल

तिसरा टप्पा, बर्फाची खिंड. सावरी थंडीने काकडतेय आणि धुराजी म्हणतो, “पंखा तरी लाव.” चौथ्यात नदी ओलांडताना: “दोन घंटे झाले लेका.” पाचव्यात, जिथे अख्ख्या राज्यात विजेची तार नाही, तिथे: “पंप बॅगमंदी राह्यला. बाहीर.” मी डोळ्यांसमोर विहिरीवरचा मोटारपंप आणला आणि हसून हसून लोटपोट झाले. सीमाताईंना ऐकवायला गेले तर त्या पाणी प्यायला उठून गेल्या.

तिन्ही चुका लिहून दिल्या. तिन्ही संध्याकाळपर्यंत गेल्या.

पण आज डाव्या बाजूला जे लिहिलं ते या सगळ्या खेळातलं मला सर्वांत आवडलेलं आहे. धुराजीचा श्वास. पहिल्या टप्प्यात तो आरामात चालतो. पुढे पुढे त्याला धाप लागत जाते. कुणी काही बोलत नाही, सावरीही विचारत नाही, पण कानावर ते येत राहतं: श्वास आखूड होतोय, आत शिटीसारखं काही वाजतंय. म्हातारा आपल्यापासून काहीतरी लपवतोय हे आपल्याला हळूहळू कळतं. मी लिहिलं, “या भागाची सर्वांत मोठी जमेची बाजू. असा अभिनय मी कुठल्याच खेळात ऐकला नाही.” खाली दोन रेघा ओढल्या.

किशोरदादा ते वाचून बराच वेळ खिडकीत उभा होता. मग ऊन लागतं म्हणून पडदा ओढला आणि गेला.

मंगळवार, २२ एप्रिल

बाहेर इतकं तापलंय की कूलरची हवाही अंगावर गरम येते.

सहावा टप्पा. किल्ल्याच्या फाटकापाशी धुराजी म्हणाला, “दार उघड. मस्ती पुरे.” जागेवर बसेल असं वाक्य आहे, फाटक समोरच आहे. चूक म्हणावी की नाही, कळेना. पण आवाज धुराजीचा नव्हता. धुराजी म्हातारा आहे. हा तरुण माणूस बोलत होता.

मी तोंडीच किशोरदादाला विचारलं. तो म्हणाला, आम्ही दोस्त होतो, एकमेकांची अशीच मस्करी करायचो. उणिवांत लिही, काढून टाकतो.

मी लिहिलं.

सातव्या टप्प्यात फक्त: “कोनी हाये का?”

तेही लिहिलं. शनिवार-रविवारी शेवटचा, आठवा टप्पा खेळून टाकेन म्हणून आजचं व्हर्जन माझ्या लॅपटॉपवर घेतलं आणि खोलीवर आणलं.

गुरुवार, २४ एप्रिल

झोप नाही. आज कामावर बसून एक मूर्खपणा केला. सापडलेली सगळी वाक्यं आठवून एका कागदावर टप्प्यांच्या क्रमाने लिहिली.

झालं का बे, येऊ का बाहीर. पंखा तरी लाव. दोन घंटे झाले लेका. पंप बॅगमंदी राह्यला. दार उघड, मस्ती पुरे. कोनी हाये का.

एकेक ऐकताना हसले होते मी. एकाखाली एक वाचली आणि ‘पंप’पाशी थांबले. पंप विहिरीवरचा नाही. आमच्या शेजारच्या खातूनबी खालांना दमा आहे, त्याही ‘पंप’च म्हणतात, तोंडात धरून ओढायचा तो.

प्रोग्रामने तुकडे केले, पण क्रम बदलला नाही. पहिल्या टप्प्यापासून आठव्यापर्यंत एकच दिवस आहे. एकच माणूस, एका बंद खोलीत.

आणि तो श्वास —

मी त्याच्याखाली दोन रेघा ओढल्यात.

दुपारी सीमाताईंना गच्चीच्या जिन्यात गाठलं आणि कागद दाखवला. त्या तिथेच पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या. म्हणाल्या, किशोर त्याला कोंडायचा. धम्मदीप काम टाळायचा, मग वाक्यं पुरी होईस्तोवर रेकॉर्डिंगच्या खोलीला बाहेरून कडी. सगळे हसायचे, धम्मदीपसुद्धा. पण शेवटच्या रेकॉर्डिंगच्या त्या रविवारी काय झालं ते त्यांना ठाऊक नाही, त्या दर्यापूरला माहेरी होत्या. सोमवारी आल्या तर किशोरने सांगितलं, तो जर्मनीला गेला. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, माझा भाऊ वकील आहे, कागद मला दे, कुणाला बोलू नको, तुझ्या घरीही नाही. दोन दिवस दे मला.

दिला कागद. खूप हलकं वाटलं. एकटी नाही मी.

शुक्रवार, २५ एप्रिल

किशोरदादाने सकाळी बोलावून समोर बसवलं. चहा केला. म्हणाला, “यादी मस्त केली तू. क्रमवार.”

मी त्याला यादी दिलीच नव्हती.

सीमाताई समोरच्या टेबलावर होत्या. हेडफोन घालून बसल्या होत्या. वर पाहिलं नाही.

तो शांतपणे बोलत राहिला, जणू खेळातल्या मोठ्या राक्षसाशी होणाऱ्या लढाईबद्दल बोलतोय. सगळे तुकडे काढले. आता सापडायला काही उरलं नाही. श्वासाला मात्र हात लावणार नाही. “तूच लिवलं नं, सगळ्यात मोठी जमेची बाजू. लोक रडतीन आयकून.” मग म्हणाला, लॅपटॉप सोमवारी घेऊन ये, त्यावरचं जुनं व्हर्जन बदलून देतो. घरचा पत्ता आहेच आमच्याकडे, तू फॉर्ममध्ये भरला होतास.

मी मान हलवली. चहा पूर्ण प्यायले. का प्यायले?

एकेक तुकडा मीच शोधून दिला. माझ्यामुळे पुसला गेला तो. त्यांना ते ऐकवत नव्हतं, म्हणून ऐकायला मला आणलं. ज्याच्या आवाजाने आम्हाला धीर दिला, त्याची हाक मी उणिवांच्या रकान्यात लिहिली.

शनिवार, २६ एप्रिल. दुपार

खोलीला आतून कडी. आशाबाईंना सांगितलं, डोकं दुखतंय.

आठवा टप्पा खेळले. मंगळवारचं व्हर्जन आहे, या टप्प्यातलं काही काढलेलं नाही.

शेवटी धुराजी मरतो. सावरीच्या मांडीवर डोकं. फार सुंदर केलंय. राख पडत असते बर्फासारखी. तो बोलत नाही, नुसता श्वास. मी मोजत होते. मग मोजणं सोडलं. दोन श्वासांमध्ये आपण आपला श्वास धरतो, आणि पुढचा येत नाही.

पडदा काळा होतो. मला वाटलं संपलं.

काळ्या पडद्यावर आवाज चालूच. कडीचा आवाज. दार. किशोर: “धम्या. ए धम्या. ऊठ बे.” दोनदा. मग एका बाईचा आवाज. अगदी जवळून, माईकपाशी —

“आधी रेकॉर्डिंग बंद कर.”

दर्यापूरला नव्हत्या त्या.

मुगाच्या वड्या वाढून देताना हाच आवाज होता.

शनिवार, संध्याकाळ

मोहसीनभाईला फोन लावला. म्हणाला, तुझ्या ऑफिसातल्या सीमा म्हणून कुणाचा तरी फोन आला होता, त्यांनी सांगितलं: तुझी तब्येत ठीक नाही, कामाच्या ताणाने काहीबाही बोलतेस, घरी आलीस तर लगेच कळवा. भाई काळजीत. म्हणतो, त्या किती जीव लावतात तुला.

म्हटलं, भाई, तसं काही नाही. तो म्हणाला, तुझा आवाजच सांगतोय.

माझ्यावर विश्वास नाही त्याचा. त्यांच्यावर आहे.

पोलिसांत जायचंच आहे. पण दाखवू काय, एक खेळ? सोबत धम्मदीपच्या घरचं कुणीतरी हवं. पहिल्या भागाच्या शेवटी नावांच्या यादीत त्याने लिहिलंय: “धम्मदीप तायडे, बार्शीटाकळी.” आणि खाली: “माह्या मायसाठी, पार्बताबाईसाठी.”

घरी नाही जायचं. सरळ तिकडे.

रविवार, २७ एप्रिल. सकाळ, बडनेरा स्टेशन

निघाले. आशाबाईंना सांगितलं नाही. लॅपटॉप बॅगेत, बॅग पोटाशी धरून बसलेय. फाटकाबाहेर पडले तेव्हा गल्लीच्या टोकाला पांढरी गाडी होती. कुणाचीही असेल.

फोन बंद केला.

रविवार. बार्शीटाकळी. दीड वाजला असेल

अकोल्याहून जीपने आले. घर विचारत विचारत सापडलं. दोन खोल्या, ओसरीला पत्र्याची सावली, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि धम्मदीपचा फोटो. त्याच्या फोटोला हार नाही.

पार्बताबाई साठीच्या पुढच्या. मी अमरावतीच्या कंपनीतून आले म्हटल्यावर उजळल्या. हाताला धरून आत नेलं, गुळाचा चहा टाकला. सारखं ‘बाई, बाई’ करतात. मी लॅपटॉप उघडणार, तोवर त्याच बोलत सुटल्या, पोरगा जर्मनीत हाये, भेटून बी नाई गेला, इमानाची घाई होती.

मी म्हटलं, मावशी, तुम्हाला कसं कळलं की तो तिकडे पोचला?

हसल्या. म्हणाल्या, “काहून वं? फोन करते नं तो. दर आयतवारी.”

मला ऐकू आलं ते कळलं नाही. पुन्हा विचारलं.

दर रविवारी. जेवणं झाल्यावर. वर्षभर. एकही चुकला नाही. बोलतो थांबून थांबून, विचारलं की लगेच बोलत नाही, इतक्या दुरून आवाज यायला वेळ लागतो ना. कोणी त्या प्रोग्रामवर टाईप करायला जितका वेळ — त्या म्हणाल्या नाहीत हे, मी म्हणतेय —

“एक बरं झालं पाय बाई,” म्हणाल्या, “दमा गेला त्याचा. लहानपणापासून कसा धापा टाके. आता येवढं बोलते, पन श्वास म्हून आयकू येत नाई. तिकडची हवा मानवली.”

चहाचा कप खाली ठेवला.

कसं सांगू हिला. लॅपटॉप मांडीवर आहे. उघडला की तिला पोराचा श्वास ऐकू येईल. वर्षभरात पहिल्यांदा. मग तो थांबेल.

आणि तो आहे कुठे? त्याला कुठे —

त्या माजघरात गेल्यात, मला भाकरी वाढायला. लिहून ठेवतेय, सगळं, कुणाला तरी सापडेल —

फोन वाजतोय.

त्यांचा.

उचलला. स्पीकरवर टाकलाय, ऐकू कमी येतं म्हणाल्या होत्या. “कसा हायेस बाप्पा?” थांबला. एक, दोन, तीन, चार. “बरा आहो माय.” तोच आवाज. धुराजीचा. माझ्या घराला धीर देणारा. श्वास नाही त्यात. दोन शब्दांच्या मध्ये काहीच नाही —

मी हातांनी खुणा करतेय, सांगू नका, माझं नाव नका — बघत नाहीत इकडे. हसतायत. सांगितलं. “तुह्या कंपनीतली पोरगी आली पाय, अमरीन नावाची, आता जेवाले बसोतो —”

थांबला.

खूप वेळ थांबला. आठ. नऊ. त्या बाजूने काही नाही, नुसतं —

“तिले फोन दे माय.”

त्या येतायत. दारात आल्या. फोन पुढे धरलाय, तोंडभर हसू, मला म्हणतात घे बाई, तुलेच बोलावते. तो बोलतोय त्यातून, माझं नाव घेतोय, हळू, लाडाने, आणि बाहेर ओसरीशी गाडी थांबल्याचा — पांढरी — पार्बताबाई, ते दार —